व्हॅनमधे छोटं किचन कपाट बसवायचंय, प्लाय किती एमएमचं घ्यावं आणि ते धरायचं कशाला?

चाकावरचं_घर

नमस्कार मंडळी. व्हॅन मध्यम मापाची आहे, आत सरळ उभं राहता येत नाही. बेड झालाय, इन्सुलेशन झालंय, छोटा कॉम्प्रेसर फ्रिज आहे, दोन लाइट आहेत, राहिलंय ते फक्त स्वैपाकाचं सामान. सध्या सगळं प्लास्टिकच्या क्रेटांत भरलेलं असतं आणि त्याचाच आता वैताग आलाय, नुसतं पाणी गरम करायचं म्हटलं तरी वरचे दोन क्रेट खाली उतरवा, मग तिसऱ्याच्या तळाशी लायटर सापडणार, आणि तोवर जो क्रेट दाराबाहेर ठेवलाय त्यात पाऊस.

तर सरकत्या दाराच्या समोरच्या बाजूला, ड्रायव्हर सीटची पाठ ते व्हील आर्च (मागच्या चाकावरचा पत्र्याचा फुगवटा) एवढी साधारण ९५ सेंटिमीटर लांब जागा मोकळी आहे. खोली ४० पर्यंत परवडते, त्याच्यापुढे गेलो तर बेडवरून उतरताना गुडघा आपटणार. उंची ७५ ते ८० धरलीय. त्यात भांडी, डबे, दोन बर्नरची शेगडी, १० लिटरचा पाण्याचा कॅन आणि जमलं तर छोटं सिंक असं बसवायचंय.

घरचं फर्निचर करणारे सुतार म्हणतात सगळीकडे १८ एमएम लावू, आयुष्यभर हलणार नाही. मला ते फार जड वाटतंय. दुसरं म्हणजे शटर (बिजागरीचं दार) करू का ड्रॉवर? आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे कपाट गाडीला धरायचं कुठे? फ्लोअरला भोक पाडायची भीती वाटते, खाली काय काय आहे देव जाणे. गॅसचं पण सांगा कुणीतरी, सिलेंडर कपाटातच ठेवतात का?


रंधा_पटाशी

१८ एमएमचं नाव काढू नका. घरात कपाट एका जागी उभं असतं, त्याचं वजन जमीन उचलते. इथे ते वजन तुमची गाडी रोज ओढणार, आणि ब्रेक मारला की तेच वजन पुढे धावणार.

साधा हिशेब सांगतो. ८ बाय ४ फुटांचं १८ एमएमचं शीट अंदाजे ३२ किलो भरतं, तेच १२ एमएमचं २१ किलोच्या आसपास. (लाकूड कुठलं त्यावर थोडं कमी जास्त, पॉप्लरसारखं हलकं लाकूड मिळालं तर अजून उतरतं.) तुमच्या मापाचं कपाट ड्रॉवर धरून एका शीटच्या वर जाणार, म्हणजे नुसत्या जाडीच्या हट्टापायी दहा-बारा किलो फुकट. तेवढ्यात तुमचा पाण्याचा कॅन भरला असता.

सांगाडा १२ एमएम, पाठ आणि ड्रॉवरचे तळ ६ एमएम, वरचा ओटा हवा तर १५ करा नाहीतर १२ लाच खालून ४० एमएमची पट्टी फिरवा, वाकत नाही. कपाटाला ताकद जाडीमुळे येत नाही, ती येते पाठीच्या शीटमुळे. ६ एमएमची पाठ चारही बाजूंनी ग्लू लावून स्क्रूने बसवली की डबा तिरका व्हायलाच तयार नसतो. पाठ न लावता नुसती भिंतीला चिकटवलेली कपाटं बघितलीत तर चारेक महिन्यांत सांधे कुरकुरायला लागलेले दिसतील.

पार्टिकल बोर्ड अजिबात नको, गाडीच्या हादऱ्यांनी स्क्रू ढिले होतात आणि एकदा का त्यातून स्क्रू निसटला की तिथे परत काहीच धरत नाही, शिवाय ओल लागली की फुगतो. एमडीएफ तर प्लायपेक्षाही जड. वॉटरप्रूफ ग्रेडचं प्लाय घ्या आणि कापलेल्या कडा न विसरता सील करा, पाणी पितात त्या कडाच, वरचा पृष्ठभाग नाही. सिंकसाठी जे भोक पाडाल त्याची आतली कड लोक हमखास कोरडी सोडतात, तिथूनच प्लाय काळं पडायला सुरुवात होते. पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशचे दोन-तीन हात तिथे आधी मारा, सिंक नंतर बसवा.

आणि १२ एमएमच्या कडेत स्क्रू घालायचा तर आधी बारीक ड्रिल मारून घ्या, नाहीतर थर फाटतात. कोपऱ्यात आतून २० बाय २० चा लाकडी गज लावून त्यात स्क्रू घातला तर सगळ्यात उत्तम. ग्लू मात्र सगळीकडे. नुसत्या स्क्रूवरचा सांधा गाडीत टिकत नाही.


निवांत_भटके

मी सुतारकामातली नाही पण रोज वापरणारी आहे म्हणून दोन गोष्टी.

शटर की ड्रॉवर, तर ड्रॉवरच. आत उभं राहता येत नाही म्हणताय ना, मग ४० सेंटिमीटर खोल कपाटात खालच्या कप्प्यात मागे काय ठेवलंय ते बघायला तुम्हाला अक्षरशः लोटांगण घालावं लागेल, आणि पुढच्या चार वस्तू काढल्याशिवाय मागची हाती लागत नाही, म्हणजे क्रेटचीच रड पुन्हा. ड्रॉवर बाहेर ओढला की वरून सगळं दिसतं. शटर उघडायला पण जागा लागते, ते बेडच्या कडेला अडकतंय का बघा. एकच शटर ठेवा, सिंक आणि पाण्याच्या कॅनच्या खाली, कारण कॅन भरायला बाहेर काढावा लागतो आणि तिथे ड्रॉवर असून उपयोग नाही.

दुसरं, कपाटाचं माप ठरवायच्या आधी सामानाचं माप घ्या!! सगळं सामान जमिनीवर मांडा, सगळ्यात उंच डबा किती, सगळ्यात रुंद भांडं किती, शेगडी गुंडाळून ठेवली तर किती, हे लिहा आणि मग ड्रॉवर किती उंच ते ठरवा. सगळे ड्रॉवर एकसारखे केले की दिसायला छान दिसतात पण वरच्यात चमचे लोळतात आणि खालच्यात पातेलं दोन सेंटिमीटरने मावत नाही. माझ्याकडे वरचा ९ सेंटिमीटरचा, मधला १८, खालचा २८, आणि जड ते सगळं खालच्यात.

उंचीचं पण बघा. घरातला ओटा ८५-९० असतो तो उभं राहून काम करायला. तुम्ही बसून करणार, तर बेडच्या काठावर बसून कोपर कुठे येतं ते मोजा, ओटा त्याच्या थोडा खालीच हवा. मला वाटतं तुमचं ७५ पण जास्त होईल, ७० च्या आसपास येईल.

आवाजाचं कुणी आधी सांगत नाही. भांडी एकात एक घालून मधे कापडाचा तुकडा ठेवा, ड्रॉवरच्या तळाला जाळीची नॉनस्लिप मॅट घाला. काचेच्या बरण्या असतील तर त्यांच्यासाठी प्लायच्या पट्ट्यांचे खण करून घ्या, सैल ठेवू नका. खडबडीत रस्त्यावर मागून खणखणाट सुरू झाला की दहा मिनिटांत डोकं उठतं.


पत्रा_पान्हा

धरायचं कशाला हा प्रश्न आधी विचारलात हे बरं केलंत, बहुतेक जण कपाट तयार झाल्यावर विचारतात.

कपाट ३० किलो आणि आतलं सामान पाणी धरून २० किलो, म्हणजे ५०. जोरात ब्रेक मारला तर गाडीचा वेग साधारण ०.८ जी ने उतरतो (१ जी म्हणजे वस्तूच्या स्वतःच्या वजनाएवढा जोर), म्हणजे ४० किलोचा धक्का पुढे, तो दोन स्क्रूसुद्धा सहन करतील. पण धडक झाली तर २० जी धरून चाला, तेव्हा हेच ५० किलो एक टनासारखे वागतात आणि तुमच्या केसमधे त्यांच्या बरोबर पुढ्यात ड्रायव्हरची पाठ आहे. म्हणून पत्र्यात सेल्फ टॅपिंग स्क्रू मारून कपाट लटकवणं हा प्रकार नकोच. बॉडीचा पत्रा एक एमएमच्या आसपास असतो, त्यात आटे धरतात किती, एक-दीड. हादऱ्याने ते भोक मोठं होत जातं आणि एक दिवस स्क्रू हातात येतो.

साइडच्या भिंतीत ज्या उभ्या आडव्या रिब असतात, दुमडलेल्या पत्र्याच्या, त्यात रिवनट बसवा (पत्र्याच्या भोकात रिव्हेटसारखा पक्का बसणारा, आतून आटे असलेला नट). एम६ किंवा एम८ चा, स्टीलचा घ्या, ॲल्युमिनियमचा नको. कपाटाच्या पाठीला वरच्या कडेला आडवा अँगल किंवा जाड पट्टी, त्यातून रिवनटमधे बोल्ट, असे वर निदान तीन. खाली फ्लोअरला निदान चार. फ्लोअरसाठी आधी गाडीच्या मूळच्या सामान बांधायच्या कड्या बघा, त्यांच्या बोल्टची जागा कंपनीनेच मजबूत केलेली असते, तिथे ब्रॅकेट पकडता आलं तर नवीन भोक पाडायची गरजच नाही. जिथे पाडावंच लागेल तिथे आधी गाडीखाली जाऊन बघा, इंधनाची टाकी, ब्रेकचे पाइप, वायरिंग हे सगळं तिथेच कुठेतरी धावत असतं. वरून मारताना ड्रिल बिटला टेप लावून खोली ठरवा. बोल्ट आरपार गेला तर खालून नुसता वायसर पुरत नाही, ५० बाय ५० ची ३ एमएमची प्लेट लावा म्हणजे पत्रा फाटणार नाही. प्रत्येक भोकाच्या कडेला प्रायमर लावल्याशिवाय बोल्ट घालू नका, गंज तिथूनच लागतो.

सीटबेल्टच्या बोल्टला हात लावू नका. पिलरमधे ड्रिल मारू नका, साइडच्या कर्टन एअरबॅग असतील तर त्यांच्या वायरी आणि नळ्या तिथून जातात.

आणि पाठ भिंतीला घट्ट चिकटवू नका, १५-२० एमएम फट सोडा, खाली वर हवा जाईल अशी. रात्री आत झोपल्यावर बाष्प थंड पत्र्यावर जमतं आणि बंद जागेत ते सुकत नाही, मग बुरशी.


चाकावरचं_घर

बापरे, एवढं सगळं अपेक्षित नव्हतं, खूप धन्यवाद सगळ्यांना. १८ एमएम रद्द. सामान जमिनीवर मांडून मोजलं, निवांतताई म्हणतात तसं खालच्या ड्रॉवरला २८ लागतातच. आणि बसून कोपर मोजलं तर ओटा ७१ वर येतोय.

आता दोन शंका. एक, ड्रॉवर बंद धरणारे लॅच कुठले? घरच्या किचनसारखे सॉफ्ट क्लोज चॅनेल (ड्रॉवर सरकायच्या पट्ट्या) लावले तर ते स्वतःच बंद राहतात ना? का मॅग्नेट लावू? दोन, घरच्यांचं म्हणणं असं की गाडी एरवी सामान आणायला पण लागते, तर कपाट उचलून बाहेर काढता येईल असं करा. तसं केलं तर पानसे म्हणजे ते पान्हावाले म्हणतायत ती मजबुती राहील का?

आणि गॅस राहिलाच.


रंधा_पटाशी

सॉफ्ट क्लोजवर विसंबू नका, तो ड्रॉवर हळू बंद करतो, बंद धरून ठेवत नाही. तुमचं कपाट साइडच्या भिंतीला आहे, ड्रॉवर मधल्या वाटेकडे उघडणार, म्हणजे तुम्हाला ब्रेकचा त्रास कमी पण वळणाचा जास्त. लांब वळणावर १० किलोचा ड्रॉवर सावकाश सरकत बाहेर येतो आणि मग पुढच्या वळणाला धाडकन आत जातो. मॅग्नेट चमच्यांच्या ड्रॉवरला चालेल फार तर.

खटक्याचे पुश लॅच येतात, गोल बटण, दाबलं की बटण बाहेर येतं आणि तेच हँडल, परत दाबलं की लॉक. बोटी आणि कॅराव्हॅनमधे तेच वापरतात. बंद असताना सपाट राहतात म्हणून अंगाला लागत नाहीत. काही पुश लॅच १५-१६ एमएमच्या फळीसाठी बनलेले असतात, म्हणून विकत घेताना जाडी बघा, तुमचं दर्शनी प्लाय १२ चं असेल तर मागून तुकडा जोडावा लागेल.

दुसरा पर्याय लॉक होणारे चॅनेल, पूर्ण आत आणि पूर्ण बाहेर दोन्हीकडे अडकतात, पुढच्या पट्टीने सोडवायचे. महाग पडतात पण खालच्या जड ड्रॉवरला मी तेच लावेन, कारण उघडा ड्रॉवर ओटा म्हणून वापरता येतो, वर फळी टाकली की झालं.

चॅनेल घ्यायच्या आधी लक्षात ठेवा, साधा बॉल बेअरिंग टेलिस्कोपिक चॅनेल एका बाजूला १२.७ एमएम जागा खातो, दोन्ही मिळून जवळपास साडेपंचवीस. ड्रॉवरचा डबा आतल्या मापापेक्षा २६ एमएमने कमी करा. मापात एक एमएम जास्त झाला की अडकतो, दोन एमएम कमी झाला तर मागे वायसर घालून जुळवता येतं, तेव्हा चुकायचंच तर कमीकडे चुका. लांबी ५० एमएमच्या टप्प्याने मिळते, ३००, ३५०, ४००. तुमच्या ४० च्या खोलीतून मागची फट, पाठ आणि पुढचं दर्शनी प्लाय वजा केलं की ३५० बसेल.


खटपट्या

काढता येण्याबद्दल मी वेगळं मत देतो. प्लाय सोडा, २० बाय २० च्या ॲल्युमिनियम प्रोफाइलचा सांगाडा करा, खाचेतले टी नट येतात ना तो, आणि त्यात ४ एमएमचं हलकं पॅनेल सरकवा. एका ॲलन कीवर सगळं उभं राहतं, माप बदललं तर बदलता येतं, सुतार नको का पॉलिश नको. फ्लोअरला कार्गो ट्रॅक (सामान अडकवायची खाचेची धातूची पट्टी) लावा, कपाटाच्या चार पायांना ट्रॅकचे फिटिंग, पिळलं की सुटलं. दोघांनी उचललं की बाहेर. कॅम्पवर बाहेर ठेवून स्वैपाक पण होतो, आत वास नाही वाफ नाही.


रंधा_पटाशी

@खटपट्या प्रोफाइल छानच पण हादऱ्याने त्याचे बोल्ट सुटतात हे पण सांगा की. प्रत्येक बोल्टला थ्रेड लॉकर (आटे सुटू न देणारा ग्लू) लावल्याशिवाय आणि अधूनमधून ॲलन की फिरवल्याशिवाय ते चालत नाही. आणि पॅनेल खाचेत वाजतात, रबरची पट्टी घातली नाही तर.


खटपट्या

लावतो की थ्रेड लॉकर, निळा. लाल नको, परत सोडवायला गरम करावा लागतो. रबर पट्टी पण बरोबर. पण तुमचा ग्लूचा सांधा मला कुठे सोडवता येतो 😄


पत्रा_पान्हा

(पानसे काय, चालेल तेही.)

काढता येणारं करा, हरकत नाही, फक्त "काढता येतं" म्हणजे "नुसतं ठेवलंय" असं होऊ देऊ नका. ट्रॅक प्लायच्या फ्लोअरला लाकडी स्क्रूने मारलेला असेल तर त्याला काही अर्थ नाही, ट्रॅक खाली पत्र्यापर्यंत बोल्टने जायला हवा आणि मागे प्लेट हवी, वर लिहिलं तसंच. आणि वरचा टेकू सोडू नका. ७० सेंटिमीटर उंच कपाट फक्त पायांनी धरलं तर धक्क्यात ते पालथं व्हायला बघतं आणि सगळा ताण एका बाजूच्या दोन फिटिंगवर येतो. वर रिवनटमधे तीन स्टार नॉब बोल्ट, हाताने फिरवायचे, तेवढ्याने काम होतं.

वजनाचं अजून एक, पाणी, फ्रिज, बॅटरी सगळं कपाटाच्याच बाजूला आहे का? असेल तर बॅटरी पलीकडे हलवा.


चूल_आणि_मूल_नाही

गॅसचं मी सांगते, कारण वर कुणीच सांगितलं नाही आणि ह्यात सवलत नाही.

एलपीजी हवेपेक्षा जड. गळला तर वर जाऊन खिडकीतून निघून जात नाही, खाली फ्लोअरवर साचतो, आणि तुमचा बेड, फ्रिजचा स्विच, बॅटरी सगळं तिथेच खाली. म्हणून सिलेंडर आत ठेवायचा तर त्याला वेगळा खण, आतल्या बाजूने पूर्ण सील, त्याचं दार रबर गॅस्केटचं, आणि तळाला थेट गाडीबाहेर जाणारं उघडं भोक. ते भोक मॅटने किंवा चिखलाने बुजत नाही ना ते बघत राहायचं. भोक एक्झॉस्टच्या जवळ नको. त्या खणात वायरिंग नाही, लाइट नाही, काही नाही. तुमच्या ९५ सेंटिमीटरमधे हे सगळं बसवलं तर सामानाला उरतं काय? माझं मत सरळ आहे, काढता येणारं कपाट करताय तर छोटी कार्ट्रिजवाली (गॅसच्या छोट्या डब्यावर चालणारी) शेगडी घ्या, वापरून झालं की कार्ट्रिज काढून ठेवा आणि शक्य तेव्हा बाहेरच पेटवा. फक्त नुसत्या ब्युटेनचं कार्ट्रिज थंडीत दगा देतं, शून्याच्या जवळ ब्युटेनची वाफच होत नाही, तिकडे जाणार असाल तर प्रोपेन मिसळलेलं घ्या.

आत पेटवलंच तर खिडकी उघडी आणि छताचा व्हेंट उघडा, दोन्ही. शेगडीने गाडी उबदार करायची नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. त्याचा डिटेक्टर झोपल्यावर डोकं जिथे येतं त्या उंचीला लावा आणि गॅस गळतीचा वेगळा, तो फ्लोअरजवळ. एकच डिटेक्टर मधे कुठेतरी लावून दोन्ही कामं होत नाहीत.

इंडक्शन सुचवणार असेल कुणी तर आधीच सांगते, १५०० वॅट म्हणजे १२ व्होल्टवर १२५ अँपिअर, इन्व्हर्टरचा लॉस वेगळा. बॅटरी तेवढी मोठी असेल तरच.


चाकावरचं_घर

ठरलं मग. प्लायचंच करतोय, १२ आणि ६, खाली कार्गो ट्रॅक पत्र्यापर्यंत बोल्ट करून आणि वर तीन नॉब. सिलेंडरचा खण रद्द, कार्ट्रिज शेगडी. सिंकच्या जागी नुसतं काढता येणारं भांडं ठेवतो, त्यामुळे ओट्याला भोकच नको.

शेवटची अडचण. गाडीची भिंत वर जाताना आत वळते आणि खाली व्हील आर्चचा थोडा भाग कपाटाच्या मागच्या कोपऱ्यात घुसतो. साइडचं प्लाय त्या वळणात कसं कापायचं? आणि स्पिरिट लेव्हल लावली तर कपाट तिरकं दाखवते.


रंधा_पटाशी

स्पिरिट लेव्हल घरी ठेवा, गाडी कधीच सपाट उभी नसते. फ्लोअर हाच तुमचा पाया, गुण्या फ्लोअरवर ठेवून काटकोन बघा, बास.

वळणासाठी पुठ्ठा. साइडच्या मापाचा पुठ्ठा भिंतीला जेवढा टेकतो तेवढा टेकवा, काटकोनात उभा धरा, मग कंपासमधे पेन्सिल घालून टोक भिंतीवरून फिरवत न्या, पेन्सिल पुठ्ठ्यावर तेच वळण उतरवते. कंपासचं अंतर मधे बदलू देऊ नका आणि कंपास तिरका करू नका, आडवाच धरायचा. कापा, परत लावून बघा, जिथे टेकतंय तिथे अजून काढा. दोन्ही टोकांचे पुठ्ठे वेगवेगळे करा, भिंत सगळीकडे सारखी वळत नाही. पुठ्ठा बसला की मगच तो प्लायवर उतरवा. पान्हा म्हणतात ती फट आणि पाठीची जाडी वजा करायला विसरू नका. व्हील आर्चचा कोपरा बंद करून टाका, तिथे ड्रॉवर आखूड करत बसू नका. तो मागचा भाग वाया गेला तरी चालेल.

ड्रॉवरचे दर्शनी तुकडे सगळ्यात शेवटी. कपाट गाडीत बोल्ट करून झालं, वरचे नॉब आवळले, की मग लावा. बोल्ट आवळताना सांगाडा एक-दोन एमएम इकडेतिकडे होतोच आणि आधी लावलेले दर्शनी तुकडे मग एकमेकांना घासतात.

आणि ते ९५ सेंटिमीटर मोजताना ड्रायव्हर सीट पूर्ण मागे आणि पाठ कलती करून मोजलंय ना?


चाकावरचं_घर

हो, पूर्ण मागे सरकवूनच. पाठ मात्र सरळ होती, आत्ता जाऊन कलती करून बघतो आणि पुठ्ठा कापायच्या आधी इथे नवीन माप टाकतो.